पट्टा, पिशवी आणि पोच : कुत्र्याला मैदानावर नेणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

आमच्या कुत्र्याचं नाव पैलवान. वजन १६ किलो, अंगकाठी सायकलच्या ट्यूबसारखी, आणि सुतळी बॉम्ब वाजला की थेट पलंगाखाली. जात गावठी. गेली सात वर्षं त्याला रोज दोनदा मैदानावर नेतोय, म्हणजे पाच हजारांवर फेऱ्या झाल्या. त्यात एकदा विषाचा प्रकार, दोनदा भांडणं, एकदा पोलीस ठाणं, आणि "अवो, आवरा की तुमचं कुत्रं" तर किती वेळा ऐकलं त्याची मोजदादच नाही. हा लेख त्या फेऱ्यांतून आलाय.

हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ मध्ये कोंडापूरला खास कुत्र्यांसाठी बाग केली. चांगल्या डॉग पार्कला चहूबाजूंनी कुंपण असतं आणि एकामागोमाग दोन फाटकं असतात. पहिलं लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रं रस्त्यावर सुटत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांना जागा वेगळी. आपलं डॉग पार्क म्हणजे रंकाळ्याचा काठ, विद्यापीठाकडचे रस्ते, नाहीतर पेठेतलं मैदान. तिथं पहाटे पोलीस भरतीची पोरं धावतात, सहा वाजता फुटबॉलचा सराव, सात वाजता फिरायला येणारे आजोबा, आणि मैदानाची मूळ मालक असलेली पाच-सहा भटकी कुत्री तर कायमचीच. कुंपण नाही, फाटक नाही. त्यामुळे फाटकाचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मैदानावर कुत्र्याच्या बाबतीत जे वाईट घडतं, त्यातलं बरंचसं आधी माणसामाणसांत घडून गेलेलं असतं. दगड मारणारा किंवा विष टाकणारा त्याच दिवशी तसा झालेला नसतो. त्याच्या नातवाच्या अंगावर कुणाचं तरी कुत्रं धावून गेलेलं असतं, त्याच्या चपलेला शी लागलेली असते, आणि मालकानं "काय करत नाही हो ते" म्हणून हसून सोडून दिलेलं असतं. म्हणून त्याचा गुन्हा माफ होत नाही. पण कुत्र्याची सुरक्षितता घरातून पट्टा काढतानाच सुरू होते, ती यासाठी.

आधी एकट्यानं जा

नवीन जागा असेल तर पहिल्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवा आणि ज्या वेळी नेणार आहात त्याच वेळी अर्धा तास नुसते फिरून या. बाग असेल तर दारावरची पाटी वाचा. पाळीव प्राण्यांना मनाई असेल तर वाद न घालता दुसरी जागा बघा. मोकळं मैदान असेल तर चार गोष्टी बघा: रस्त्याला तोंड कुठं आहे, कचरा कुठं साठतो, भटक्या कुत्र्यांचा अड्डा कुठल्या कोपऱ्यात आहे, आणि लहान मुलं कुठं खेळतात.

कचऱ्याचा कोपरा सगळ्यात महत्त्वाचा. रविवारी आणि बुधवारी कोल्हापुरात मटण शिजतं, आणि मैदानावर वाढदिवस साजरे करणारी पोरं सोमवारी सकाळी आपल्यासाठी तांबड्या रश्शाच्या पत्रावळ्या ठेवून जातात. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या निघतात. त्या घशात, आतड्यात रुततात. रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. पावसाळ्यात रंकाळ्यावर भाजलेली कणसं खाल्ली जातात, आणि दाणे खाऊन टाकलेलं कणीस हा कुत्र्याच्या पोटाचा मोठा शत्रू आहे. ते पचत नाही, आतड्यात बुचासारखं बसतं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं. मसाल्याचा वास असल्यामुळे कुत्री ते चघळत न बसता सरळ गिळतात.

भटक्या कुत्र्यांचे कान बघा. कानाच्या टोकाला खाच असेल तर त्याची नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते. कुत्र्यांना पकडून, नसबंदी-लसीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडायचं, ही पद्धत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. खाच असलेली कुत्री बहुधा शांत असतात. तुमच्या कुत्र्याला एकदा हुंगून, शेपूट हलवून ती परत झोपतात.

लस, जंत, गोचीड

पिल्लाला लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत मैदानावर खाली सोडू नका. पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी, मग ठरल्याप्रमाणे दरवर्षी. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आजारी कुत्रं तिथं आत्ता दिसत नाही म्हणजे मैदान स्वच्छ आहे, असं होत नाही. पिल्लाला बाहेरचं जग दाखवायचंच असेल तर कडेवर घेऊन दाखवा.

गोचिडांचं आपल्याकडे विशेष आहे. पाऊस सुरू झाला, गवत वाढलं की गोचीड वाढतात, आणि त्यातून येणारा ताप कुत्र्याचं रक्त पातळ करून टाकतो. जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त येणं, ही त्याची खूण. घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवायचा, एवढी सवय लावून घ्या. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्याची लस येते, डॉक्टरांना विचारा.

महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करून परवाना घ्या आणि लसीकरणाच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. मैदानावर कुणाला ओरखडा जरी आला तरी पहिला प्रश्न कार्डाचाच येतो.

पट्टा

पट्टा बांधायचाच. "आमचा सोडला तरी कुठं जात नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाचं कुत्रं एक दिवस कुठंतरी गेलेलं आहे. दोरी पाच-सहा फुटांची बास. गुंडाळणारी लांब दोरी गर्दीत कामाची नाही. ती सायकलच्या चाकात, आजोबांच्या काठीत आणि स्वतःच्या पायात अडकते. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरचा हार्नेस, म्हणजे गळा आवळत नाही. काटेरी पट्टा आणि गळफास साखळी दुकानात मिळते म्हणून घेऊ नका. दुखलं म्हणून कुत्रं शहाणं होत नाही, ज्याच्याकडे बघताना दुखलं त्याचा राग धरतं. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल. नाव कळलं तर कुणीही हाक मारून घेऊन जातो.

मुसकं हे काही अपमानाचं लक्षण नाही. दवाखान्यात, गर्दीत किंवा जमिनीवरचं उचलून खाणाऱ्या कुत्र्याला ते घालावं. फक्त तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं घ्या. कापडी पट्टीनं तोंड आवळलं तर कुत्र्याला अंग गार करता येत नाही, कारण ते घाम गाळून नव्हे तर जीभ बाहेर काढूनच गार होतं.

"सोड" हा शब्द

बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल, हे शिकवा. रोज पाच मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत जमतं.

मुठीत बिस्किटाचा तुकडा घ्या आणि मूठ कुत्र्यासमोर धरा. ते चाटेल, पंजा मारेल, दातानं कुरतडेल. मूठ उघडायची नाही, ओरडायचं नाही. कंटाळून त्यानं तोंड मागं घेतलं की त्याच क्षणी "सोड" म्हणा आणि दुसऱ्या हातातून वेगळं, जास्त चांगलं काहीतरी द्या. उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर, काहीही. मुठीतलं मात्र कधीच द्यायचं नाही. सोडलेली वस्तू परत मिळते असं वाटलं तर ते सोडणार नाही, नुसतं थांबून बघेल.

दहा वेळा जमलं की तुकडा जमिनीवर, तुमच्या पायाखाली. मग पाय काढून. मग पट्टा बांधून त्या तुकड्याशेजारून चालत जा. शेवटचा टप्पा मैदानावर: मित्राला आधी पाठवून दोन-तीन ठिकाणी चपातीचे तुकडे ठेवायला सांगा, आणि तुम्हाला जागा माहीत नसू दे. माहीत असली की आपण नकळत पट्टा ओढतो, आणि कुत्रं शब्द न ऐकता आपला हात वाचतं.

तोंडात काही गेलंच तर धावत जाऊन जबडा उचकटू नका. पाठलाग केला की ते गिळून टाकतं. उलट्या दिशेला पळा, हाक मारा, खिशातला चिकनचा तुकडा दाखवा. लोक हसतात. हसू देत.

कुत्री भेटतात तेव्हा

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे, हा एक मोठा गैरसमज. सैल अंगानं, ढुंगणासकट हलणारी शेपूट खुशीची. वर ताठ उभी राहून बारीक थरथरणारी शेपूट म्हणजे तापलेलं डोकं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला तर ते खेळाचं आमंत्रण आहे. अंग लाकडासारखं ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, पाठीवरचे केस उभे: इथून निघा. दोन अनोळखी नर असे समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉलचे संघ उतरल्यासारखं वातावरण होतं. शिट्टी वाजायच्या आत बाजूला झालेलं बरं.

भेट घालायचीच असेल तर समोरासमोर आणू नका, दोघांना एकाच दिशेनं थोडं अंतर ठेवून चालवा. मग बाजूनं तीन-चार सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून बोलवा. पट्टा सैल हवा, ताणलेला पट्टा कुत्र्याला लढाईची सूचना देतो. आधी मालकाला विचारा. "नको" म्हणाला तर रागावू नका, त्याला त्याचं कुत्रं माहीत असतं. माजावर आलेल्या कुत्रीला त्या दोन-तीन आठवड्यांत मैदानावर आणूच नये. खेळणी आणि खाऊ दहा कुत्र्यांच्या घोळक्यात काढायचा नाही. लॅब्रॅडॉर आणि पॉमेरियनचा खेळ कितीही गोड दिसला तरी एका पंजात पॉमेरियनचा पाय मोडू शकतो.

भांडण लागलंच तर हात मध्ये घालू नका. गळपट्टा धरायला गेलेला हातच बहुतेकदा फाटतो, आणि चावणारं कुत्रं बऱ्याचदा आपलंच असतं. आधी पाणी ओता, बाटली असतेच. छत्री मध्येच उघडा, जर्किन टाका, पत्रा वाजवा. नाहीच सुटले तर दोघा मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून, ढकलगाडीसारखे उचलून मागे ओढत वळवायचे. एकानंच ओढलं तर दुसरं मोकळं होऊन अंगावर येतं. सुटल्यावर लगेच घरी. केसांखालची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल असते, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

माणसाला चावलं तर वाद नंतर, नळ आधी. साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना, काहीही भरू नका. मग सरळ सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, किंवा जवळचा सरकारी दवाखाना. रेबीजची लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४, २८ अशा दिवशी, कातडीत घेतली तर ०, ३, ७, २८. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते डॉक्टर ठरवतात, पण विचारायला लाजू नका. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून चावलेल्या माणसानं दवाखाना टाळायचा नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. आणि मालक म्हणून तुमचा निष्काळजीपणा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

माणसं

शी उचला. याच्यावर मी अख्खा लेख लिहू शकेन, पण एवढंच सांगतो: आमच्या मैदानावर कुत्र्यांवर बंदी आणा म्हणून सह्या गोळा झाल्या होत्या, त्या चाव्यामुळे नव्हे तर शीमुळे. हातात दुधाची रिकामी पिशवी उलटी घाला, उचला, पिशवी सुलटी करा, गाठ मारा. संपलं. पिशव्या पट्ट्यालाच बांधून ठेवा म्हणजे विसरत नाही.

सह्या गोळा करणारे एक निवृत्त मास्तर होते. मी त्यांच्याशी भांडलो नाही, त्याला कारण माझा शहाणपणा नव्हे, मला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, "तुमचं कुत्रं वाईट नाही हो, पण मला घोट्याचं ऑपरेशन झालंय, अंगावर आलं तर मी पडतोय." मग आम्ही वेळ ठरवून घेतली. सव्वासहापर्यंत कुत्री पूर्वेच्या बाजूला, नंतर चालणाऱ्यांची. चहागाडीच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं. तो करार दोन वर्षं टिकला. पावसानं खडू गेला तरी लोकांच्या लक्षात राहिला.

घाबरणाऱ्या माणसाला "घाबरू नका" म्हणू नका. पट्टा आखडून कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या आणि थांबा. त्याला पुढं जाऊ द्या. धावणाऱ्या पोरांच्या आणि फुटबॉलच्या वाटेत कुत्रं आलं तर चूक आपली. कुत्र्याला हलणारा बॉल म्हणजे शिकार.

भटक्या कुत्र्यांना खायला घालत असाल तर चांगलंच आहे, पण मुलांच्या खेळण्याच्या जागी, येण्याजाण्याच्या तोंडाशी घालू नका. २०२३ च्या नियमांत हेच आहे: मुलं आणि वयस्कर माणसं कमी येतात अशी जागा, ठरलेली वेळ, आणि नंतर स्वच्छता. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरवून दिलेल्या जागीच खायला घालण्याचं बजावलं.

ऊन

मार्च ते मे सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी दिवस मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही, त्याला चपला नाहीत. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ऊन फार लवकर लागतं. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या: सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ लावू नका. बंद गाडीत "पाच मिनिटं" ठेवणं हाही छळच, काच दोन बोटं खाली असली तरी.

विष

मार्चमधली एक सकाळ. भिंतीच्या कडेला वर्तमानपत्राच्या कागदावर चपातीचे पाच-सहा गोळे ठेवलेले. वरून तूप लावलेलं, चकाकत होतं. पैलवानानं एक उचलला. मी "सोड" म्हणालो आणि मागे पळालो, त्यानं दोन पावलं विचार केला आणि टाकला. गोळा फुटला तेव्हा आत जांभळट-काळे दाणे दिसले, शेतात टाकायच्या औषधासारखे. मैदानावरची कांडी नावाची बारकी कुत्री त्याआधीच तिथून गेली होती. दहा मिनिटांत तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, मग आचके. रिक्षात ती माझ्या मित्राच्या मांडीवर गेली.

त्या दिवशी आम्ही बऱ्याच चुका केल्या. कुणी ताक आणलं, कुणी मिठाचं पाणी. म्हणून आता नीट लिहितो.

कुत्र्याला आधी तिथून दूर न्या. वेळ बघा आणि लक्षात ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. ओठांना काही लागलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, हातात पिशवी घालून. दूध, तूप, ताक, मिठाचं पाणी, नारळपाणी, काहीही पाजू नका. मिठाच्या पाण्यानं उलटी करवणं ही तर विषावर दुसरं विष देण्यासारखी गोष्ट आहे. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याशिवाय उलटी करवायची नाही. आचके येत असतील तर तोंडात काही घालू नका, कुशीवर निजवा. रिक्षा सुरू झाली की डॉक्टरांना फोन: काय खाल्लं, किती, किती वाजता, वजन किती. लाळ, आचके, बारीक बाहुल्या हे बहुधा कीटकनाशकाचं लक्षण. त्यावर अट्रोपिन देतात, आणि मिनिटं मोजावी लागतात.

उंदराच्या औषधांत दोन प्रकार लक्षात ठेवा. काळ्या पुडीचं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू बनवतं. कुत्र्याच्या तोंडाला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो आणि त्याची उलटी बंद खोलीत माणसालाही बाधते. गाडीच्या काचा उघड्या ठेवा. दुसरं, वड्यांचं औषध. ते रक्त गोठू देत नाही आणि तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. कुत्रं ठणठणीत आहे म्हणून घरी बसाल तर पाचव्या दिवशी लघवीतून रक्त येईल. खाल्ल्याची शंका आली तरी त्याच दिवशी जा, त्यावर व्हिटॅमिन के चा उपचार आहे.

ज्यांचं कुत्रं वाचलंय त्यांनी मागे थांबून जागा राखायची. एकानं तिथंच उभं राहायचं, दुसरी कुत्री आणि मुलं येऊ द्यायची नाहीत. आधी जागेवरचा फोटो, मग थोडं लांबून, भिंत आणि ओळखीची खूण दिसेल असा. गोळे आपण गोळा करून कचऱ्यात टाकायचे नाहीत. पोलिसांना येऊ द्या. तोपर्यंत बादली किंवा घमेलं पालथं घालून झाका.

कुणी मारताना दिसलं तर

आधी थांबवा, पण अंगावर जाऊ नका. स्वतःच्याच कुत्र्याला साखळीनं बडवणारे मालकही मैदानावर असतात, "शिस्त लावतोय" म्हणून. त्यांना कायद्याचं कलम ऐकवलं तर कुत्र्याला घरी गेल्यावर दुप्पट बसते. मी जवळ जाऊन विचारतो, "काका, पाय दुखतोय काय त्याचा? लंगडतंय जरा." हात थांबतो. बोलणं सुरू झालं की पट्टा कसा धरायचा ते दाखवता येतं. चारात दोघं तरी ऐकतात.

जे ऐकत नाहीत, किंवा दगड घालतात, पेटता फटाका शेपटीला बांधतात, दोन कुत्री मजेखातर झुंजवतात, त्यांच्यासाठी कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये मारणं, विनाकारण अपायकारक पदार्थ देणं, आखूड साखळीनं तासन्‌तास बांधणं, उपाशी ठेवणं, सोडून देणं, झुंजवणं हे सगळं येतं. पण पहिल्या गुन्ह्याला त्यातला दंड १० ते ५० रुपये. आजही. चहा-मिसळीला जास्त लागतात. म्हणून मारून टाकणं, विष घालणं, अवयव निकामी करणं असं काही असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायचा आग्रह धरा: पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवायचं कारण नाही.

पुरावा असा ठेवा. व्हिडिओ आडवा धरून काढा, सुरुवातीला जागा दिसू द्या. गाडी असेल तर नंबर. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या क्लिपची प्रत घसरते आणि कोर्टात मूळ फोन किंवा प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. संशयिताचा फोटो "हाच तो" म्हणून ग्रुपवर टाकू नका, चुकीचा निघाला तर तक्रार तुमच्यावर होईल. आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे त्याच दिवशी विचारा, बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. कुत्रं मेलं असेल तर पुरू नका. कापडात गुंडाळून गार जागी ठेवा, सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या. विषाची शंका असल्याचं त्यांना लेखी सांगितलं तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला जातो.

तातडीचं असेल तर ११२. नंतर लेखी तक्रार, तीन प्रतींत, साध्या भाषेत: "दि. अमुक रोजी सकाळी ६.१० वाजता अमुक मैदानाच्या दक्षिण भिंतीलगत मी स्वतः पाहिले की…" जे पाहिलं तेवढंच लिहा, शंका वेगळ्या परिच्छेदात. शेवटी सोबतच्या फोटोंची आणि साक्षीदारांची यादी. एक प्रत ठाण्यात, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच. एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

आम्ही गेलो तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाले, "कुत्र्यापायी कुठं नादाला लागताय, माणसांचं पडलंय ढीगभर." आम्ही वाद घातला नाही, तिथंच बसून राहिलो. नोंद घेतलीच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, एवढं फक्त मित्रानं हळू आवाजात म्हटलं. पावणेबाराला पोच मिळाली. दुपारी एक हवालदार पंचनाम्याला आले, घमेलं उचललं, गोळे मोजून पिशवीत घातले. पाच होते. पैलवानानं टाकलेला सहावा भिंतीच्या फटीत गेला होता, तो त्यांनीच काठीनं बाहेर काढला आणि विचारलं, "ह्यो कुणी चावलाय?"